महिन्याला ६०० किमी धावणारी इलेक्ट्रिक गाडी: लीजवर घ्यावी की विकत?

मोगरा

कर्वेनगरहून बाणेरला ऑफिस. वारजे, चांदणी चौक असं गेलं की ११ किमी. इतकी वर्षं ॲक्टिव्हावर निभावलं, पण आता गुडघे कुरकुरतात आणि डंपरच्या मागची धूळ खाऊन खोकला पाठ सोडत नाही. बाहेरगावी जायला नवऱ्याची डिझेल गाडी आहेच. ही दुसरी गाडी फक्त ऑफिस, मंडई आणि सासूबाईंचा दवाखाना यासाठी. सगळं धरून महिना ६०० किमी, त्याच्या वर जायची शक्यता नाही. पार्किंग स्वतःचं, छताखाली. इलेक्ट्रिकच घ्यायची हे पक्कं आहे, त्यामुळे कृपया सीएनजी सुचवू नका.

माझ्यासमोर तीन कागद आहेत.

पहिला, एमजी कॉमेट, बॅटरी भाड्याने. सप्टेंबर २०२४ मध्ये ही योजना आली तेव्हापासून जाहिरात डोक्यात बसलीय: गाडी ४.९९ लाख, बॅटरीचे किलोमीटरला अडीच रुपये. म्हणजे मला महिना १५०० रुपये, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. पण फायनान्सवाल्याने दिलेल्या कागदात खाली बारीक अक्षरात आहे, 'किमान आकारणी १५०० किमी प्रतिमाह'.

दुसरा, आमच्या कंपनीमार्फत लीज. टाटांची टियागो इव्ही, १९.२ किलोवॅट-तास बॅटरीवाली. ३६ महिने, जीएसटी धरून महिना २१,४००, पगारातून करापूर्वी कापणार. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग त्यातच. तीन वर्षांत ३०,००० किमीची मर्यादा, त्यापुढे किमीला ६ रुपये. शेवटी गाडी परत.

तिसरा, तीच टियागो सरळ विकत, ऑनरोड ९ लाख ४५ हजार. कर्ज काढणार नाही, एफडी मोडेन.

करप्रणाली नवी आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या टप्प्यांत माझा शेवटचा टप्पा २० टक्क्यांचा, करपात्र साधारण १९ लाख. ३१ मार्च जवळ आलाय म्हणून शोरूमचा मुलगा सकाळ-संध्याकाळ फोन करतोय. एवढ्या कमी रनिंगला लीज परवडते का?

कटिंग_चहा

२१,४०० भागिले ६०० म्हणजे किलोमीटरला साडेपस्तीस रुपयांच्या वर. पुण्यात रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किमीला २५ आणि पुढे १७. तुमचे ११ किमी १८७ रुपयांत होतात. रोज जाऊन-येऊन रिक्षा केलीत तरी महिन्याला आठ-सव्वाआठ हजार. उरलेल्या तेरा हजारांत सासूबाईंना विमानाने काशीला पाठवता येईल.

(रिक्षावाला बाणेरला मीटरने यायला तयार झाला तर. तो खर्च धरलेला नाही.)

ताळेबंद

कटिंगराव, रिक्षाचा हिशेब चोख आहे, पण ताईंनी गाडीच घ्यायचं ठरवलंय. तेव्हा मी माझा जुना धंदा करतो. कॉस्टिंगमध्ये उभी हयात गेली, सवय सुटत नाही.

मोगराताई, आधी कॉमेट. अडीच रुपये विसरा. किमान १५०० किमीचं बिल म्हणजे महिना ३,७५०, तुम्ही गाडी हलवा नाही तर झाकून ठेवा. तुमच्या ६०० किमीला तो दर सव्वासहा रुपये पडतो. आता दुसऱ्या बाजूने बघा. बॅटरीसकट कॉमेट आणि बॅटरीविना कॉमेट यांच्या किमतीत साधारण दोन लाखांचा फरक आहे. दोन लाखांचं साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता ४,२०० च्या आसपास. म्हणजे ३,७५० च्या 'भाड्यात' आणि ४,२०० च्या हप्त्यात फरक साडेचारशेचा, आणि कर्जात पाच वर्षांनी बॅटरी तुमच्या नावावर. भाड्याचा करार किती वर्षांचा, तो संपल्यावर बॅटरी कोणाची, मध्येच गाडी विकली तर घेणाऱ्याने करार पुढे चालवायचा की तुम्ही रक्कम भरून मोकळं व्हायचं, हे तीन प्रश्न त्या फायनान्सवाल्याला लेखी विचारा. किमान आकारणीची अट नसती तर मी तुम्हाला डोळे झाकून ही घ्या म्हटलं असतं. ज्याचं रनिंग महिना दीड हजाराच्या आसपास आहे त्याला किमान आकारणी टोचत नाही. तुम्हाला टोचते.

शिवाय कॉमेटला दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं. सासूबाई पुढेच बसणार हे घरात आधी ठरवून घ्या. गाडी तीन मीटरच्याही आत, गल्लीबोळात मजा येते, पण मागची सीट उभी असली की डिकीत भाजीची पिशवी कशीबशी मावते.

आता लीज, कारण खरी गंमत तिथे आहे.

वर्षाचे २,५६,८०० रुपये तुमच्या करपात्र पगारातून वजा होतील. उपकरासह २०.८ टक्के धरले तर कर वाचतो ५३,४०० च्या घरात. उलट कंपनीची गाडी खासगी वापरालाही आहे म्हणून पर्कची, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सोयीची, किंमत पगारात मिळवली जाते: २०२५ च्या नियमाने १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला, ड्रायव्हर नसेल तर, महिना १८०० रुपये. इव्हीला इंजिनच नाही! आमच्या पे-रोलवाल्यांनी १८०० धरले होते, तुमचे काय धरतात ते ईमेलवर विचारा. त्या १८०० वर वर्षाचा कर साडेचार हजार. म्हणजे निव्वळ बचत वर्षाला ४९ हजार, तीन वर्षांत १ लाख ४७ हजार. हप्त्यांची बेरीज ७,७०,४००. त्यातून बचत वजा करा: ६ लाख २४ हजार. तीन वर्षं गाडी वापरण्याची तुमची खरी किंमत ही. (लीज वजा होऊन ज्यांचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत येतं त्यांचं गणित याहून वेगळं आहे, त्यांनी माझे आकडे उचलू नयेत.)

विकत घेतली तर? ९.४५ लाख आज गेले. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स त्यातच असतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि झिरो डेपचे (घसारा न कापता भरपाई) मिळून ४० हजार धरा. सर्व्हिसिंगचे १५ हजार. एफडी मोडली म्हणून बुडालेलं व्याज, कर जाऊन साडेपाच टक्क्यांनी, तीन वर्षांचे १ लाख ५५ हजार. आणि गाडी तीन वर्षांनी निम्म्या किमतीला, समजा पावणेपाच लाखांना गेली, तर घसारा ४ लाख ७० हजार. एकूण ६ लाख ८० हजार.

म्हणजे कराची सवलत धरली तर लीज ५६ हजारांनी स्वस्त. सवलत नसती तर ९० हजारांनी महाग. मित्रमंडळींपैकी कोणी 'लीज म्हणजे लूट' म्हणालं किंवा कोणी 'लीजच परवडते' म्हणालं, तर आधी त्यांचा टॅक्सचा टप्पा विचारा.

आता ६०० किमीचा प्रश्न. या दोन्ही बेरजांत किलोमीटर कुठेच आले नाहीत, पाहिलंत का? कमी चालवलं म्हणून लीज स्वस्त होत नाही आणि विकतची गाडीही फारशी स्वस्त होत नाही. विजेचे पैसे सोडले तर गाडी उभी असतानाच सगळा खर्च होतो. ३०,००० किमीचे पैसे भरून तुम्ही २१,६०० वापरणार. तेव्हा लीजवाल्याकडून २०,००० किंवा २४,००० किमीच्या मर्यादेचं कोटेशन मागा. बहुतेक वेळा ते स्वतःहून देत नाहीत.

सगळा डोलारा उभा आहे तो एका आकड्यावर: तीन वर्षांनी ही गाडी किती रुपयांना विकली जाईल. ५ लाख ३० हजारांच्या वर गेली तर विकत घेणारा जिंकला, खाली गेली तर लीजवाला. हा आकडा आज कोणालाच सांगता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी टियागो इव्हीच्या किमती ७० हजारांपर्यंत उतरवल्या, कॉमेटही त्याच महिन्यात जवळपास लाखाने खाली आली. बॅटरीचे सेल स्वस्त झाले, ग्राहकांचं भलं झालं. पण ज्यांनी दिवाळीत गाडी घेतली होती त्यांची जुनी गाडी एका रात्रीत तेवढ्याने उतरली. उलट बाजूने, टियागोच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी आहे, म्हणजे तीन वर्षांची आणि वीसेक हजार चाललेली गाडी घेणाऱ्याला पुढची पाच वर्षं निर्धास्त. कमी रनिंगचा फायदा मिळालाच तर इथे मिळेल, आणि तो गाडी तुमच्या नावावर असेल तरच.

विजेचं राहिलं. ६०० किमीला प्लगपाशी साधारण ८० युनिट लागतील. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात पहिले १०० युनिट सहा रुपयांच्या आत पडतात आणि १०१ ते ३०० चा टप्पा वहन आकार धरून साडेअकराच्या आसपास. तुमचं घरगुती बिल आधीच शंभराच्या वर असणार, त्यामुळे गाडीचं एकही युनिट स्वस्तातलं नाही. वीज शुल्कासकट महिना हजार-अकराशे धरा. तेवढ्याच अंतराला पेट्रोलचे चार हजार गेले असते. शोरूममध्ये 'किलोमीटरला एक रुपया' सांगतात तो दर या हिशेबाने दोनाच्या जवळ जातो. बिल ३०० युनिटच्या पुढे जात असेल तर गाडीसाठी वेगळं मीटर घ्या.

भटका_गुरुजी

काकांनी आकडे मांडलेत, मी फक्त एक कलम दाखवतो: नोकरी सोडली तर?

मी मागच्या कंपनीत अशीच लीज घेतली होती. दीड वर्षात नोकरी बदलली. नव्या कंपनीचा त्या लीजवाल्यांशी करार नव्हता, म्हणून गाडी वर्ग होईना. दोनच वाटा होत्या, उरलेल्या रकमेवर फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी करार मोडण्याचे, पैसे भरून गाडी परत देणं, नाहीतर त्यांनी सांगितलेल्या किमतीला विकत घेणं. मी परत दिली. तपासायला जो माणूस आला त्याच्या हातात मोबाइलएवढं पेंटची जाडी मोजायचं यंत्र होतं. दाराच्या प्रत्येक पत्र्याला टेकवून आकडा वहीत लिहीत होता. मागच्या डाव्या दाराचा रंग जाड निघाला, म्हणजे पूर्वी कधीतरी रंगवलंय. ते काम इन्शुरन्समधूनच, त्यांच्याच परवानगीने झालं होतं. तरी पैसे कापले. ईमेल उकरून काढल्यावर दोन महिन्यांनी परत आले.

म्हणून गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे, आतल्या सीटचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. 'नेहमीची झीज' म्हणजे काय, किती सेंटीमीटरचा ओरखडा चालतो, हे करारात लिहिलंय का ते बघा. कर्वेनगरात रस्त्याकडेला गाडी लावली की ओरखडा ठरलेला.

आणि आरसी लीज कंपनीच्या नावावर असते, त्यामुळे इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) तुमच्या खात्यात जमा होत नाही. फार मोठी रक्कम नाही, पण कोणी सांगत नाही.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून. इकडे मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत गाडीने आणि तिथून ट्रेनने न्यूयॉर्क, असा माझा शिरस्ता, म्हणजे रनिंग तुमच्यापेक्षा कमीच. निस्सान लीफ लीजवर आहे, ४० किलोवॅट-तासवाली. घरच्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगला रात्रभर लावली की चाळीसेक मैल भरते, मला तेवढे आठवडाभर पुरतात.

इथे लीज घेताना जाणती मंडळी महिन्याचा हप्ता शेवटी विचारतात. आधी तीन आकडे: गाडीची किंमत किती धरली, मुदतीअखेर तिची किंमत किती गृहीत धरली आणि मधल्या पैशावर व्याज किती. व्याजाला इथे मनी फॅक्टर म्हणतात, ०.००२ असा चिमुकला दिसतो. त्याला २४०० ने गुणलं की वर्षाचा टक्का निघतो, ४.८. डीलर पहिल्या आकड्यात सूट देतो आणि तिसऱ्यात काढून घेतो, हप्ता तोच राहतो. तुमच्याकडे लीजवाले हे आकडे दाखवत नसतील तरी मुदतीअखेरची किंमत मागता येते. ती हातात आली की बाकीचं ताळेबंदकाका उलगडतील.

एका बाबतीत मी लीजच्या बाजूने आहे. माझ्या लीफला फास्ट चार्जिंगचा चाडेमो नावाचा प्लग आहे, आणि इथे नव्या गाड्यांतून तो जवळपास गेलाच. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने किमती पाडल्या तेव्हा सगळ्याच जुन्या इव्हींचे भाव घसरले. वर्षभरात हर्ट्झ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने वीस हजार इव्ही विकायला काढल्या. ज्यांच्या गाड्या स्वतःच्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले, लीजवाल्यांनी मुदत संपताच चावी टेबलावर ठेवली. इव्ही अजून स्थिरावायची आहे. भाव पडायचा धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालायला थोडे जास्त पैसे गेले तरी मला चालतात.

मोगरा

सगळ्यांचे आभार. कटिंग, सासूबाईंना काशीचं वाचून दाखवलं, त्या तयार आहेत.

कॉमेट यादीतून गेली. फायनान्सवाला किमान आकारणी १००० किमीवर आणायलाही तयार नाही आणि करार संपल्यावर बॅटरीचं काय, यावर 'मॅडम, ते तेव्हा बघू' म्हणाला.

लीजवाल्यांना काकांच्या आणि न्यू जर्सीच्या प्रश्नांसकट मेल टाकला. उत्तरं अशी: २४,००० किमीची मर्यादा घेतली तर हप्ता फक्त ४०० रुपयांनी कमी. मुदतीअखेर मला हवी असेल तर साडेचार लाखांना मिळेल, नको असेल तर परत, दोन्ही माझ्या मर्जीवर, तसं करारात लिहून देतील. पर्क १८०० च धरणार. नोकरी सोडली तर पहिलं वर्ष संपेपर्यंत सहा हप्त्यांचा दंड, पुढे तीन हप्त्यांचा.

साडेचार लाख चांगले की वाईट?

ताळेबंद

चांगले. हप्त्यातून जीएसटी, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग बाजूला काढलं आणि शेवटचे साडेचार लाख धरले तर व्याजाचा दर पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास बसतो. बँकेच्या कार लोनचाच दर झाला. म्हणजे लीजमध्ये लपवलेली मलई फारशी नाही.

त्याहून महत्त्वाचं, 'तुमच्या मर्जीवर' हे शब्द. तीन वर्षांनी बाजारात गाडीला पावणेपाच मिळत असतील तर साडेचारला घ्या, पंचवीस हजार तुमचे. बाजार चारावर आला तर चावी परत, पन्नास हजारांचा फटका त्यांचा. माझी ५ लाख ३० हजारांची सीमारेषा आता उरलीच नाही, कारण तेवढा भाव आला तर गाडी साडेचारला तुम्हीच घेणार. फक्त साडेचारवर कर वेगळा आहे का ते विचारा, ही मंडळी बहुधा 'अधिक जीएसटी' असं शेपूट जोडतात. ४०० रुपयांसाठी मर्यादा कमी करू नका, ती ढील राहू द्या.

दंडाचं तुम्हीच ठरवायचं. पहिल्या वर्षात नोकरी सोडली तर १ लाख २८ हजार जातील, म्हणजे तीन वर्षांच्या करबचतीतला बहुतेक सगळा भाग. वर्षभर हलायचा विचार नसेल तर मी लीज घेतली असती.

मोगरा

हलायचा विचार नाही, अप्रेझल नुकतंच झालंय. 'अधिक जीएसटी' होतंच! ते काढायला सांगितलंय, सोमवारी कळेल. आता अडकलंय सोसायटीत. पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट माझ्या मीटरवरून ओढायचाय आणि सेक्रेटरींना वाटतंय मी पेट्रोल पंप टाकतेय.

भटका_गुरुजी

अर्जात 'चार्जिंग स्टेशन' हा शब्द चुकूनही लिहू नका. 'स्वतःच्या मीटरवरून, एमसीबी आणि अर्थिंगसह १५ अँपिअरचा एक पॉइंट, लोड ३.३ किलोवॅट' एवढंच लिहा आणि कंसात लिहा की गीझर दोन किलोवॅटचा असतो. सोबत परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र आणि केबल कुठून जाणार त्याचं हाताने काढलेलं चित्र जोडा. आमच्याकडे केबल लिफ्टच्या खोलीवरून नेऊ नका एवढीच अट घातली. आणि सॉकेट गाडीच्या चार्जिंगच्या झाकणाच्या बाजूलाच बसवा, नाहीतर रोज बॉनेटवरून वायर ओढत बसाल. झाकण कुठल्या बाजूला आहे ते शोरूममध्ये जाऊन डोळ्यांनी बघून या.